सत्यशीलेची वजरी

१

सहाला पाणी यायचं आणि साडेसहाला वजरीचा आवाज. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दिवस असाच उजाडायचा. रावसाहेब कॉटवर पाय खाली सोडून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचे, आणि मोरीच्या दारामागं सत्यशीला टाचा घासायची.

वजरी पितळेची होती. सत्यशीलेच्या आईनं लग्नात दिलेली. खालची बाजू चरचरीत, टाच घासायला. वर धरायला पाठीला पाठ लावून बसलेले दोन पोपट. पोपटांच्या पोटात बारीक खडे. त्यामुळं एक हात मारला की दोन आवाज यायचे, खालून खर्र आणि वरून छुळ. एका पोपटाची चोच केव्हाच मोडली होती, पण खडे शाबूत होते.

रावसाहेबांनी बेचाळीस वर्षं मार्केट यार्डात हमाली केली. नावावरून तिथं त्यांची फार चेष्टा व्हायची. मालाची गाडी लागली की कुणीतरी हमखास म्हणायचं, रावसाहेब, आपण खुर्चीवर बसा, पोतं आम्ही आणून देतो. आणि मग दोघं मिळून त्यांच्याच पाठीवर पोतं टाकायचे. ते हसायचे आणि चालायला लागायचे. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पोती मोजायची सवय अंगात मुरली होती. ओठांतल्या ओठांत, एक, दोन, तीन. काम सुटून नऊ वर्षं झाली तरी एकसारखा आवाज कानावर आला की ओठ आपसूक हलायला लागायचे.

तर वजरीचा आकडाही त्यांना पाठ होता. त्यांच्या स्वतःच्या टाचेला विसावा हात झोंबायचा. वरची मेलेली कातडी गेली आणि खालची जिवंत लागली की माणूस थांबतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. सत्यशीलेच्या टाचा त्यांच्यापेक्षा मऊ. तिचे पंधरा. पंधरा ह्या पायाला, मग पाट सरकवल्याचा आवाज, मग पंधरा त्या पायाला, मग तांब्या, आणि मग, अहो, टॉवेल द्या. अठ्ठेचाळीस वर्षं हेच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चहा संपला, रावसाहेबांनी कप खाली ठेवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की ओठ चौसष्टावर आलेत. पाट अजून सरकला नव्हता.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. मागच्या जूनमध्ये ती न्यूमोनियानं अकरा दिवस दवाखान्यात होती. कडक औषधं झाली. अंग कोरडं पडलं असेल, घासायला जास्त लागत असेल. त्यात काय एवढं.

शेजारच्या गोदाबाईंची भिंत मोरीला लागून. त्या दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "रावसाहेब, सत्यशीला टाच घासते का फरशी? फरशी असेल तर जाता जाता आमचीही घासून टाक म्हणावं."

रावसाहेब हसले. घरात आल्यावर मात्र त्यांनी तिच्या पायांकडं बघितलं. ती पोळ्या लाटत उभी होती. टाचा कालच्यासारख्याच होत्या. एवढं घासून एक कण कमी झालेला दिसत नव्हता.

२

रविवारी ऋतिका आली. मुलाची, चेतनची मुलगी, म्हणजे ह्यांची नात. चेतन खराडीला एका कंपनीत कामाला, घरही तिकडंच. ऋतिका पुष्कळ शिकली आणि एका प्रयोगशाळेत लागली. तिथं काम काय, तर माणसाच्या कातडीचा अभ्यास. रावसाहेबांना त्याचं फार नवल वाटायचं. ज्या कातडीवर आपण आयुष्यभर पोती वाहिली, ती शिकायचीही गोष्ट असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं पर्समधून निळ्या झाकणाच्या लहान बाटल्या काढल्या आणि म्हणाली, "आजोबा, मला तुमच्या टाचा पाहिजेत."

"पायच घेऊन जा की," रावसाहेब म्हणाले. "मी आता कुठं जातोय."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेला असतो. तिथं रक्त पोचत नाही. टाचेवर हा थर जाड, म्हणून टाचेचा भुगा हवा. आणि गंमत अशी की प्रत्येकाच्या रक्तात, अगदी धडधाकट माणसाच्याही, ह्या थराला धरणारं काहीतरी असतंच. अँटिबॉडी म्हणतात त्याला. बाहेरचा जंतू आत आला तर रक्त त्याला जसं धरतं, तसंच हे आपल्याच वरच्या कातडीला धरू बघतं. पण रक्त आत, ती बाहेर. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून माणूस सुखानं जगतो. सोरायसिससारख्या आजारात मात्र पडते.

रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वेळ लागायचा, पण एकदा आत गेलेली गोष्ट ते सोडायचे नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे माझं रक्त माझ्या कातडीला ओळखत नाही."

"उलटं. चांगलं ओळखतं. ही आपली नाही, असं ओळखतं."

"सगळ्यांचं?"

"आजवर ज्यांचं ज्यांचं तपासलं, त्या सगळ्यांचं. कोणाचंही रक्त घ्या आणि कोणाचीही टाच घ्या. धरतंच."

सत्यशीला दारात बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरंय की. माणसाला माणूस तेवढ्यावरनं तरी कळायचा."

ऋतिका हसली. तिनं आजोबांच्या दंडाला रबर बांधलं आणि रक्त काढून घेतलं. मग नवी सुई फोडून ती आजीकडं वळली, तर सत्यशीला उठलेली. चहा उतू जाईल म्हणाली आणि आत गेली. जिथं रावसाहेब बसले होते तिथून गॅस दिसायचा. गॅसवर काहीही नव्हतं.

आजीचं रक्त पुढच्या वेळी घेऊ, असं ठरलं. बाटल्यांवर ऋतिकानं नावं लिहिली. आजोबांना वाचता येत नाही म्हणून आजीच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधून दिला.

३

भरलेल्या बाटल्या ती बुधवारी येऊन घेऊन गेली. शनिवारी ती पुन्हा दुपारची आली. आजी बाजारात गेली होती. ऋतिकानं आजोबांना जवळ बसवून मोबाईलवर फोटो दाखवला. काळ्या अंधारात एक हिरवी कड चमकत होती, पहाटे डोंगराची कड दिसते तशी.

"ही तुमची टाच. ज्याला रक्तानं धरलं ते हिरवं चमकतं."

रावसाहेब बघत राहिले. आपल्या अंगाला कुणी परकं म्हणतंय, आणि ते दिसायला इतकं देखणं असावं, ह्याचं त्यांना वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

मग तिनं दुसरा फोटो काढला. त्यात काहीच नव्हतं. नुसतं काळं.

"ही आजीची. वीस जणांचं रक्त लावून बघितलं आजोबा. त्यात माझं, तुमचंही होतं. कोणाचंच धरत नाही." मग म्हणाली, "खरं सांगा, मी रागावणार नाही. त्या बाटलीत काय भरलंत? भुसा?"

रावसाहेब म्हणाले की ती स्वतः घासते, मी फक्त पेपरावरचं उचलून भरलं. ऋतिका म्हणाली, मग साबण लागला असेल. असं काहीतरी असणार. पण तिचं तिलाच पटत नव्हतं. मायक्रोस्कोपखाली ती कातडीच दिसत होती म्हणाली, थरांवर थर, सगळं जिथल्या तिथं.

"साधारणपणे रक्त परकं तरी म्हणतं. इथं तेही नाही. समोर काही आहे असंच त्याला वाटत नाही."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. दोघंही गप्प झाली. आपण गप्प का झालो हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. ऋतिकानं मोबाईल पालथा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या वेळी तुम्ही स्वतः घासा. पाणी नको, साबण नको."

४

सत्यशीला दुपारी मालिका बघायची. रावसाहेबांनी खाली पेपर अंथरला, तिच्यासमोर मांडी घातली आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. पाय गरम नव्हता, गारही नव्हता. खाली अंथरलेला पेपर जसा लागत होता तसाच लागत होता.

"नातीपायी आता माझे पाय धरा तुम्ही," ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडं बघायला लागली.

त्यांनी घासायला सुरुवात केली. खर्र, छुळ. पंधराला त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती मालिकेत होती. विसाला त्यांनी हात हलका केला, सवयीनं. पन्नासाला विचारलं, झोंबतंय का. ती म्हणाली, काय. टाच, म्हणाले. नाही हो, घासा तुम्ही.

शंभर झाले. दीडशे झाले. पेपरावर मूठभर रव्याएवढा ढीग साठला, पांढरट, कोरडा. मनगट भरून आलं. रावसाहेबांना आयुष्यात घाई माहीत नव्हती; ते घासत राहिले, कारण कुठंतरी गुलाबी लागेल, कुठंतरी ती पाय ओढून घेईल आणि म्हणेल, अहो, जीव घेता का. त्या एका बोलण्यासाठी त्यांनी दोनशे हात मारले. खालून तीच पांढरी कातडी येत राहिली. टाचेचा आकारही बदलला नाही.

त्यांनी खाली वाकून वास घेतला. वास ओळखीचा होता. माल काढून घेतल्यावर बारदान झटकून ठेवतात, आणि ते दुपारभर गाळ्यात पडून राहतं, तेव्हा त्याच्या तोंडाशी जो वास येतो, तो. रिकाम्या पोत्याचा. बेचाळीस वर्षं आपल्या हातांना तोच वास आहे, तो आपल्याच हातांचा असेल, असं ते मनाशी म्हणाले.

टीव्हीत कुणीतरी विनोद केला आणि सत्यशीला हसली. अगदी वेळेवर हसली. आणि ते हसणं तिचंच होतं, शेवटी नाकात घसरणारं. रावसाहेबांना एवढा धीर आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भाजीत मीठ तेच, हसणं तेच, सगळ्यांचे जन्मदिवस तोंडपाठ. मग ही दुसरी कोण असणार? टाच म्हणजे काही माणूस नव्हे.

त्यांनी बाटली भरली आणि लाल दोरा बांधला. उरलेला ढीग मोरीत टाकायला उचलला, तर सत्यशीला टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "राहू द्या तिथंच. मी भरते."

५

ती बाटलीही काळीच आली.

गुरुवारी ऋतिका रक्त काढायलाच आली, आणि ह्या वेळी आजी उठली नाही. उलट तिनं बाही वर केली आणि हात स्वतःहून पुढं धरला. ऋतिकानं रबर बांधलं, कोपराच्या खोलगटीत बोटांनी थोपटलं, पुन्हा थोपटलं. मग सुई घातली.

काही आलं नाही. शीर सरकली असेल म्हणाली. दुसऱ्या हाताला घातली. मग मनगटाला. तिन्ही वेळा सुई कोरडी बाहेर आली. रावसाहेब बाजूला कापूस घेऊन उभे होते. कापूस लावायची वेळच आली नाही. सुईच्या जागी लाल ठिपकासुद्धा नव्हता. आणि एवढा वेळ सत्यशीला हाताकडं बघत नव्हती. ती ऋतिकाच्या तोंडाकडं बघत होती. मूल पहिल्यांदा चालताना पडतं का उभं राहतं, हे बघावं तशी, मायेनं.

ऋतिका गॅलरीत गेली. रावसाहेब मागोमाग गेले. वय झालं की शिरा बारीक होतात, पाणी कमी पीत असेल, असं ती बोलत होती, पण कुणाला सांगत होती कोण जाणे. मग म्हणाली, "आजोबा, सोमवारी बाबा सुट्टी काढतील. आपण आजीला ॲडमिट करू. सगळं तपासून घेऊ."

"दवाखाना नको," रावसाहेब म्हणाले.

का नको, ते ऋतिकाला सांगावं लागलं नाही. जूनमध्ये, काचेपलीकडं सत्यशीला नळ्यांमध्ये पडली असताना, रावसाहेबांनी एकदाच आत जायची परवानगी मिळवली होती आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले होते, तुला इथं ठेवून मी एकटा घरी जाणार नाही. ती ते ऐकू शकत होती की नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. पण शब्द दिला तो दिला. आता पुन्हा नेली, तर ते लोक तिला बघतील. आणि काय बघतील, हे रावसाहेबांना माहीत नव्हतं. पण बघितल्यावर ती ह्या घरात परत येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शेवटी ऋतिका म्हणाली, "एक शेवटची बाटली द्या. माझंही कुठं चुकत असेल. ही बरोबर आली, तर ॲडमिटचं मी बाबांना सांगत नाही. मग विषय संपला."

६

शुक्रवारी दुपारी वजरी वाजायला लागली. आता ती दुपारीही घासायची. रावसाहेबांनी मोजणं सोडून दिलं होतं, पण ओठांनी सोडलं नव्हतं. तीनशे दहाला आवाज मध्येच तुटला.

"अहो," ती म्हणाली, "मला उठवत नाही."

मोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सत्यशीला भिंतीला टेकून खाली बसली होती, पातळ नीट गुडघ्यांवर ओढून. फरशी पिठाची गोणी फुटावी तशी पांढरी झाली होती. जाळी तुंबून पाणी साठलं होतं, तेही दुधाळ. रावसाहेब पुढं झाले. तिच्याकडं पाठ करून उकिडवे बसले, तिचे हात खांद्यावरून पुढं घेतले, आणि पोतं उचलतात तसं एका दमात उठले.

मोरीपासून कॉटपर्यंत अकरा पावलं. सहाव्या पावलाला पाठीवरचं ओझं बसलं.

हे हमालालाच कळेल. पोतं गच्च भरलेलं नसलं की चालता चालता आतला माल खाली सरकतो आणि जागा धरतो. पाठीला ते लगेच समजतं. त्याला माल बसला म्हणतात. माणूस पाठीवर असा बसत नाही. रावसाहेबांनी पोरं उचलली होती, यार्डात चक्कर येऊन पडलेले गडी उचलले होते, आजारी आईला उचलून नेलं होतं. माणूस धरून ठेवतो, ढिला पडतो, जड होतो. बसत नाही. माल बसतो.

आणि हे आज पहिल्यांदा झालेलं नव्हतं.

जूनमधल्या त्या अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते, मुलाला बोलावून घ्या. चेतन खराडीहून निघाला आणि वाटेत गाड्यांमध्ये अडकला. रावसाहेब एकटे बाकावर बसून राहिले. दुपारी आतली नर्सबाई बाहेर आली, तिचा चेहरा पांढराफटक होता, आणि म्हणाली, आजी उठून बसल्यात. रावसाहेबांनी हट्ट धरला आणि संध्याकाळी घरी सोडलं. लिफ्ट बंद होती, चेतन खाली रिक्षा बघत होता. तेव्हा चार मजले त्यांनी तिला पाठीवर घेऊन उतरवलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ओझं बसलं. पाठीनं तेव्हाच सांगितलं होतं. ते कठड्याला धरून एक मिनिट थांबले होते. वर दोन मजले होते, खाली अजून दोन. मग आजारानं हलकी झाली आहे बिचारी, असं म्हणून खाली उतरले होते.

त्यांनी तिला कॉटवर बसवलं, खाली गुडघे टेकले आणि टॉवेल घेऊन पाय पुसायला लागले.

उजव्या टाचेला भेग होती. सकाळी नव्हती. पोत्याची शिवण उसवते तशी सरळ, बोटभर लांब. रक्त नव्हतं. मांस नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट पायांवर पडलं होतं, आणि तरी भेगेच्या आत काळं होतं. रावसाहेब वाकले. चष्मा कपाळावर होता तो डोळ्यांवर घेतला.

आतून कशाची तरी टोकं आली, दोन की तीन, त्यांनी भेगेच्या कडा धरल्या आणि ओढून एकमेकींना लावल्या. सावकाश, सवयीनं. सुतळी येईपर्यंत पोत्याचं तोंड आपण हातानं धरून ठेवतो, तसं.

मग ती नुसती टाच होती.

"पुसलेत का पाय?" वरून सत्यशीलेनं विचारलं.

"पुसले," रावसाहेब म्हणाले.

७

ते पळाले नाहीत. कुणाला वाटेल, पळायला पाहिजे होतं. पण कुठं जाणार, आणि जाऊन कुणाला काय सांगणार, की माझ्या बायकोला मी दवाखान्यातून नीट बघून आणलं नाही? संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागली. सत्यशीलेनं वंदना म्हटली, एक शब्द न चुकता, आणि रावसाहेबांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. तिचा आवाज होता तोच होता. डोळे मिटले की काहीच बिघडलेलं नव्हतं. ते बराच वेळ डोळे मिटून बसले.

शनिवारी सकाळी ती, काल काही झालंच नाही अशी, चालत बाजारात गेल्यावर त्यांनी गॅलरीत पेपर अंथरला आणि स्वतःची टाच घासली. तिच्याच वजरीनं, कारण घरात दुसरी नव्हती. विसाव्या हाताला झोंबलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना झोंबल्याचं बरं वाटलं. तेवढ्यासाठी त्यांनी एकविसावाही मारला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत टाच दाबून धरली. मग भुगा बाटलीत भरला आणि बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. गाठ पक्की मारली, गोणीला मारतात तशी. पेपर झटकला, घडी घालून जिथल्या तिथं ठेवला. वजरी पुसून मोरीत ठेवली. दुपारी ऋतिका येऊन बाटली घेऊन गेली.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. पोरीचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता.

"आजोबा, धरलं. आजीचंही हिरवं आलं, अगदी तुमच्यासारखं. माझंच काहीतरी चुकत होतं आधी. मी बाबांना सांगितलंय, उद्याचं ॲडमिट रद्द." मग हसून म्हणाली, "घाबरवलंत हो तुम्ही दोघांनी मला."

रावसाहेब म्हणाले, बरं झालं बाळा. त्यांनी फोन खाली ठेवला. आता कुणी येणार नव्हतं. सुई नाही, बाटली नाही, डॉक्टर नाही. त्यांनी शब्द पाळला होता. त्यांना वाटलं होतं की आता छाती हलकी होईल.

सोमवारी सहाला पाणी आलं. साडेसहा वाजले. रावसाहेब कप धरून बसले होते. वजरीचा आवाज आला नाही.

"अहो," सत्यशीलेनं हाक मारली. "इकडं या जरा."

ती मोरीच्या बाहेर खाली बसली होती. समोर त्यांच्यासाठी पाट मांडला होता, पाटापुढं पेपर अंथरला होता, चारी कोपरे नीट ओढून. हातात वजरी.

"बसा. पाय द्या."

"कशाला गं?"

"टाचा बघा केवढ्या वाढल्यात तुमच्या. शनिवारी घासलीत, पण नीट झाली नाही. बाहेर उजेड चांगला असतो, पण गॅलरीत बसायला तुम्हाला अवघड पडतं."

रावसाहेबांनी तिला गॅलरीचं सांगितलं नव्हतं. ते उभे राहिले. बाहेरचं दार चार पावलांवर होतं. भिंतीपलीकडं गोदाबाईंच्या घरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"पेपर कशाला?" त्यांनी विचारलं.

"कातडी वाया कशाला घालवायची," ती म्हणाली.

तिनं मांडीवर जागा केली आणि वर बघितलं. त्या बघण्यात काही वाईट नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा, पहिल्या दिवशी ते यार्डातून परत आले होते आणि त्यांच्या मानेवरचं सोललेलं बघून तिनं तेलाची वाटी हातात घेतली होती, तेव्हा तिनं असंच बघितलं होतं. हे त्या बाईखेरीज कुणाला माहीत असणार? रावसाहेब पाटावर बसले. त्यांनी पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला. मांडी गरम नव्हती, गारही नव्हती.

खर्र, छुळ.

ती हलक्या हातानं घासत होती. खाली पेपरावर टाचेचा भुगा पडत होता, आणि मधूनमधून ती तो बोटांनी आपल्या बाजूला ओढून घेत होती. रावसाहेबांचे ओठ हलायला लागले. पंधरा झाले. सोळा. त्यांनी दोन्ही हातांनी पाट धरला. सतरा. आता होईल, अजून तीन, मग झोंबेल, आणि मग आपण म्हणू, बास, आता बास गं. अठरा. एकोणीस.

वीस.

त्यांनी डोळे मिटले आणि झोंबण्याची वाट बघत बसले.

एकवीस.